पाणचक्कीवर वीज नाही, दळण होत होतं

प्रति,
मा. संपादक,

विषय: छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीबद्दल छापून आलेला मजकूर

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाणचक्कीचा अर्धं पान भरून फोटो आला आहे. फोटो छानच आहे. त्याखालच्या मजकुरात मात्र इथे पूर्वी पाण्यापासून वीज तयार होत असे, अशा अर्थाचं वाक्य आहे. ते काही आपल्या वार्ताहराच्याच पदरचं नाही. तिथे फिरायला येणाऱ्यांच्या तोंडूनही मी ते पुष्कळदा ऐकते. चुंबक आणि तारेचं वेटोळं यांच्यातून वीज काढता येते हे फॅरेडेने दाखवलं १८३१ साली. पाणचक्की त्याच्या कितीतरी आधीची. तिथे धान्य दळलं जात होतं. आणि दळणाला असा काय कमीपणा आहे, की त्याला वीज म्हटल्याशिवाय ते मोठं वाटू नये?

मला याचा राग यायला कारण आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कित्येक वर्षं पिठाची गिरणी चालवली. गिरणी सासऱ्यांनी टाकलेली, डिझेल इंजिनावरची. इंजिनाच्या धुराच्या नळीवर पत्र्याचा डबा उपडा घातलेला असायचा, त्याचा कुक्-कुक् आवाज शिवारापर्यंत जायचा, की बायका समजायच्या गिरणी चालू आहे. पुढे मोटर आली, सासरे गेले, यजमानांना धुळीचा त्रास सुरू झाला आणि गिरणी माझ्याकडे आली. आता मुलाकडे शहरात असते. संध्याकाळी फिरायला निघाले की पाय पाणचक्कीकडे वळतात.

तिथे येणाऱ्या माणसाला दोन गोष्टी दिसतात. एक, उंच भिंतीवरून हौदात पडणारं पाणी. दुसरी, हौदातले मासे. फोटो काढून झाले, माशांना खाऊ टाकून झाला, मोठ्या वडाखाली जरा टेकून झालं, की लोक बीबीच्या मकबऱ्याकडे निघतात. ज्या खोलीमुळे या जागेला पाणचक्की म्हणतात, तिच्यात डोकावून 'अच्छा, फिरतंय' एवढंच म्हणतात. पण आत काय चाललंय ते सांगायला तिथे कुणी नसतं. म्हणून हे पत्र. लांबलं आहे. जागा नसेल तर वरचा परिच्छेद काढून टाका, पण पुढचं छापा.

पाणचक्की म्हटलं की चित्रातलं मोठं, उभं लाकडी चाक डोळ्यांपुढे येतं. इथलं चाक तसं नाही. ते आडवं आहे, जमिनीला समांतर, जात्याच्या बरोबर खाली. चाकातून एक उभा दांडा निघतो, खालच्या दगडाच्या भोकातून वर येतो आणि वरच्या दगडाला धरतो. पाण्याची धार पात्यांवर एका अंगाने आदळली की चाक फिरतं. चाकाबरोबर दांडा फिरतो आणि दांड्याबरोबर वरचा दगड. खालचा दगड जागचा हलत नाही. मध्ये दातेरी चाक नाही, गिअर नाही, पट्टा नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. उभ्या चाकाच्या चक्कीत फिरण्याची दिशा वळवायला दातेरी चाकं घालावी लागतात आणि ती झिजतात, मोडतात, आवाज करतात. इथे मोडायला फारसं काही ठेवलेलंच नाही. आमच्या गिरणीत निम्मी कटकट पट्ट्याची असायची. पावसाळ्यात तो ढिला पडायचा, घसरायचा, मग राळ चोळत बसा. त्यामुळे पट्टा नसलेली चक्की बघून मला काय वाटलं असेल ते एखादा गिरणीवालाच समजू शकेल.

अशी चक्की धान्य घालून चालताना मी पाहिली ती उत्तराखंडात, यात्रेला गेले होते तेव्हा. तिकडे तिला घराट म्हणतात. ओढ्याकाठी दगडाची एवढीशी खोली. सगळ्यांना पुढच्या मुक्कामाची घाई होती, मी मात्र आत शिरून बसले. जात्याच्या वर धान्याची टोपली टांगलेली, तिच्या तोंडाशी लाकडाची छोटी पन्हळ. पन्हळीला एक काठी बांधलेली आणि काठीचं दुसरं टोक फिरत्या दगडावर टेकलेलं. दगड खडबडीत, त्यामुळे काठी सारखी टकटक उडते, पन्हळ हलते आणि दाणे सुटत राहतात. दगड जोरात फिरला की काठी जास्त उडते, दाणे जास्त पडतात. पाणी कमी झालं, दगड मंदावला, की दाणेही कमी. आमच्याकडे हॉपरपाशी एक माणूस उभा करावा लागायचा, तेच काम तिथे एक काठी बिनपगारी करत होती.

दुसरी गोष्ट दोन दगडांमधल्या फटीची. दळणाचा सगळा जीव तिच्यात असतो. ज्वारीला वेगळी, गव्हाला वेगळी, डाळ भरडायची तर आणखी वेगळी. घराटात चाकाचं टोक खाली ज्या आडव्या तुळईवर टेकलेलं असतं ती पाचर मारून किंचित उचलतात. तुळई उचलली की दांडा उचलतो आणि दांड्याबरोबर वरचा दगड. भरड हवी तर पाचर आत ठोकायची, बारीक हवं तर सैल करायची. मी तिथलं पीठ चिमटीत धरून चोळून पाहिलं. बोटांना जेमतेम कोमट लागलं. आमच्या गिरणीतून पडणारं पीठ हाताला चटका द्यायचं. बायका घरी नेऊन डबा उघडा ठेवायच्या, पीठ निवल्यावर झाकण लावायच्या. दगड फार वेगाने फिरला की पीठ तापतं आणि त्याची चव उतरते. पाण्यावरचा दगड संथ फिरतो, म्हणून पीठ थंड उतरतं. लोक 'जुन्या जात्याचं पीठ गोड' म्हणतात त्यात भाबडेपणा असेल थोडा, पण सगळा नाही.

आता पाण्याचं. मला विचाराल तर खरी कमाल चक्कीत नाही, पाण्यात आहे. आपल्या दख्खनच्या नद्यांचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. पाणचक्कीला लागूनच खाम नदी जाते. पावसाळ्यात ती अंगावर येते आणि चैत्र-वैशाखात तिच्यात पाय भिजायची मारामार. अशा नदीवर चक्की बसवली तर चार महिने वाहून जाईल आणि चार महिने कोरडी राहील. चक्कीला पूर चालत नाही, दुष्काळही चालत नाही. तिला बारमाही, बारीक पण नेमाची धार लागते. हिमालयात ती ओढ्यात आयती मिळते. आपल्याकडे ती जमिनीखालून काढून आणावी लागली.

त्यासाठी नहर, म्हणजे जमिनीखालून काढलेला पाण्याचा पाट. या शहराला नहरीची विद्या पाणचक्कीच्याही आधीपासून माहीत होती. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली आणि तिला पाणी पुरवायला डोंगराकडून जमिनीखालून नहर आणली. तिला आजही नहर-ए-अंबरी म्हणतात. १६२६ साली मलिक अंबर वारला, १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, खडकीचं औरंगाबाद झालं, वस्ती वाढली आणि नव्या नहरी निघाल्या. पाणचक्कीची नहर त्यांतलीच. ती हर्सूलच्या बाजूच्या डोंगराळ भागातून, काही किलोमीटरांवरून येते. जमिनीत मुरलेलं पाणी झिरपून तिच्यात गोळा होतं आणि उतारावरून आपल्या पायाने चालत येतं. मोट लागत नाही, रहाट लागत नाही. पुढे ते खापरी नळांत शिरतं.

नळांचं गणित साधं आहे, पण करणाऱ्याच्या हातात सफाई पाहिजे. बंद नळातून पाणी खोलगट जागेत उतरलं, तरी पुढे ते जवळजवळ मूळच्या उंचीपर्यंत पुन्हा चढतं. म्हणून मधूनमधून दगड-चुन्याचे मनोरे बांधले. पाणी मनोऱ्यात वर चढतं, तोंड उघडं असल्याने नळात अडकलेली हवा निघून जाते, आणि पाणी पुढच्या नळात उतरतं. हवा अडकली तर खापरी नळ फुटतो. आजच्या प्लंबरला विचारा, तोही पाइपात 'एअर' आली म्हणून कपाळाला हात लावतो. पाणचक्कीच्या आवारातली उंच भिंत याच साखळीतली शेवटची कडी. तिच्यावर चढलेलं पाणी हौदात पडतं तेव्हा सगळे मोबाइल बाहेर काढतात. ते पाणी एवढं उंच चढलं कसं, हा प्रश्न क्वचितच कुणाला पडतो. आणि हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. डोक्यावर हौदभर पाणी, म्हणून भर मे महिन्यात ते दालन गार.

हे सगळं कुणासाठी? इथे बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. ते नक्शबंदी पंथाचे सूफी, बुखाऱ्याकडच्या गझदवानचे, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातले. त्यांच्या आधीचे बाबा पलंगपोश, तेही मध्य आशियातलेच, त्यांचीही कबर इथेच आहे. त्या काळी मोगलांच्या दख्खनच्या फौजेत तुराणी, म्हणजे मध्य आशियातून आलेले, सरदार आणि शिपाई मोठ्या संख्येने होते. आपल्या मुलखातल्या पीराची जागा म्हणून ते इथे येत. शाह मुसाफिर यांच्यानंतर शाह महमूद गादीवर आले आणि त्यांच्या काळात ही जागा वाढली. मशीद, मदरसा, सराय, बाग. म्हणजे विद्यार्थी, फकीर, वाटसरू, शिपाई अशी रोजची खाणारी तोंडं. घरच्या जात्यावर पायलीभर दळायला एका बाईचा सकाळचा तास-दोन तास जातो, हे मी स्वतः ओढून सांगते. शंभर माणसांची रोटी हाताने दळायची तर किती बायामाणसं पहाटेपासून जात्याला जुंपावी लागतील, हिशेब करा. दळणं हे काम इतकं नकोसं, की तुरुंगात ते शिक्षा म्हणून देत. पाणचक्कीने ही मेहनत पाण्याच्या अंगावर टाकली. तिच्या इतिहासात सरदारांची नावं येतात. जे हात यामुळे मोकळे झाले, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही.

आडव्या चाकाची ही कल्पना त्या लोकांबरोबरच आली असावी, असं मला वाटतं. मध्य आशियात, इराणात, काश्मिरात अशा चक्क्या ओढ्याओढ्यावर होत्या. बुखाऱ्याकडच्या माणसाला त्यात नवल वाटलं नसेल. नवल एवढंच, की ओढा नसलेल्या गावात त्यांनी ती चालवून दाखवली. बाहेरून आलेली चक्की आणि इथे आधीपासून मुरलेली नहर, असा तो संसार जमला.

आता सालाचं. आपल्या मजकुरात १६९५ दिलं आहे. गाइडही तेच सांगतात, आणि त्याच दमात सांगतात की निजाम-उल-मुल्क आसफजाह, म्हणजे हैदराबादच्या निजाम घराण्याचा मूळ पुरुष, याच्या पदरी असलेल्या तुर्कताजखान नावाच्या सरदाराने या इमारती बांधल्या. शाळेत इतिहास कच्चा असला तरी एवढी वजाबाकी मला येते. आसफजाहचा जन्म १६७१ चा. १६९५ साली तो जेमतेम चोविशीत होता आणि त्याला निजाम-उल-मुल्क ही पदवी मिळायला अजून अठरा वर्षं होती. ती मिळाली १७१३ मध्ये, त्याच साली दख्खनची सुभेदारीही मिळाली. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याची लढाई जिंकून तो दख्खनचा खरा धनी झाला तो १७२४ ला. आसफजाह ही पदवी त्याच्याही नंतरची. मग त्याच्या सरदाराने बांधलेली इमारत १६९५ ची कशी? कुठे कुठे १७४४ हेही साल दिलेलं आढळतं. आसफजाह १७४८ ला वारला, म्हणजे ते साल त्याच्या अमलात व्यवस्थित बसतं. आधी तकिया, म्हणजे फकिराची राहायची जागा, मग इमारती, मग हौद, मग चक्की अशी ही जागा पन्नासेक वर्षांत टप्प्याटप्प्याने उभी राहिली असं धरलं तर दोन्ही सालांना जागा मिळते. पण सगळ्यावर मिळून १६९५ चा एकच शिक्का मारायचा, हे पटत नाही. पुढच्या वेळी निदान दोन्ही सालं द्या.

टीका करून थांबायचं नाही म्हणून दोन गोष्टी मागते.

पहिली नहरीची. जमिनीवर दिसत नसल्याने तिची काळजी कुणालाच वाटत नाही. वरून रस्ते गेले, घरं झाली, पाया खणताना खापरी नळ लागला तर तो जुना पाइप समजून फोडला जातो. चक्कीचा दगड कितीही रंगवा, पोलीस बसवा, तिकीट लावा, नहर फुटली की खेळ खलास. उन्हाळ्यात हौद रिकामा दिसला की 'पाऊस कमी झाला' म्हणून सगळे मोकळे होतात. नहर मुळात पाऊस नसतानाही चालावी म्हणून काढलेली आहे, हे कुणी लक्षात घेत नाही. तिच्या वाटेवर खुणेचे दगड बसवले, नकाशा नगररचनेच्या कागदांत आणला आणि घर बांधायच्या परवानगीच्या वेळी तो पाहिला, तरी पुष्कळ झालं. त्याला काही कोटी लागत नाहीत.

दुसरी मागणी माझ्या धंद्यातली. आठवड्यातून एक दिवस, पाणी चांगलं असेल तेव्हा, या चक्कीवर खरं धान्य दळावं. दगड मोकळा फिरताना बघणं म्हणजे चुलीवर रिकामा तवा तापताना बघणं. शाळेच्या सहली येतात, शंभर-शंभर पोरं रांगेने जाळीपाशी येऊन जातात. त्यांच्या हातात मूठभर गहू द्या, जात्याच्या तोंडात वैरण घालू द्या, पीठ कुठून बाहेर येतं ते बघू द्या. आजच्या पोरांना पीठ पिशवीतून येतं एवढंच ठाऊक आहे. माझ्या नातवाने गिरणी शब्द ऐकून मला विचारलं, आजी, तू मुंबईला कापडाच्या मिलमध्ये होतीस का?

वास्तू जुनी आहे, दगडाला धक्का लागेल, अशी भीती कुणी घालेल. ती खोटी नाही. मूळ दगड जपायचे असतील तर ते तिथेच काचेत ठेवा आणि त्याच मापाची नवी जोडी बसवा. काळा, घट्ट दगड घडवणारे पाथरवट अजून आहेत. पण दगड नुसता बसवून भागत नाही, त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने खाचा पाडाव्या लागतात. आमच्याकडे दर काही दिवसांनी दगड उलटा करून मी स्वतः टाकी लावायची. मधल्या भोकापासून कडेकडे खाचा काढत जायच्या, भोकाजवळ खोल, कडेला उथळ. आतल्या खाचांत दाणा फुटतो, मधल्या पट्ट्यात भरड होते, कडेला पीठ. दगड गुळगुळीत झाला की दाणा नुसता घरंगळतो, पीठ चपटं पडतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीकडे जातं. टाकी लावताना ठिणगी उडते, दगडाचा कण डोळ्यात जातो, म्हणून चष्मा लावायचाच. माझ्या डाव्या हाताच्या पंज्यावर काळे ठिपके आहेत, ते टाकीच्या पोलादाचे, कातडीत बसलेले. जुन्या गिरणीवाल्यांचे हात बघा, सापडतील.

हे काम येणारी माणसं आता थोडी उरली आहेत. घरोघरी घरघंट्या आल्या, बाजारात तयार पीठ आलं, गिरण्या बंद पडताहेत. तरी आमच्यासारखे गिरणीवाले जिल्ह्याजिल्ह्यात असतील. पाणचक्कीची व्यवस्था बघणाऱ्यांनी बोलावलं तर टाकी लावायला मी येईन. हातोडी आणि टाक्या घरात पडून आहेत, धार तेवढी लावून घ्यावी लागेल. मोबदला नको, बसायला चटई आणि सावली द्या.

फक्त एक सांगून ठेवते, नाहीतर कुणीतरी उद्घाटनाच्या उत्साहात घोटाळा करेल. नव्याने टाकी लावलेल्या दगडावरचं पहिलं दळण कुणी खाऊ नये, त्यात कच असते. आधी एक-दोन पायल्या जाडंभरडं धान्य फिरवून दगड साफ करायचा आणि ते पीठ टाकून द्यायचं. पाहुण्यांसाठी दुसरं दळण घ्या, आणि तेही मंत्र्यांना द्यायच्या आधी दाताखाली धरून पाहा.

आपली नम्र,
एक निवृत्त गिरणीवाली,
छत्रपती संभाजीनगर
(नाव छापू नये ही विनंती)